पन्हाळेकाजी

महाराष्ट्र राज्याच्या रत्नागिरी जिल्ह्यातील (ता. दापोली) प्राचीन लेणीस्थळ व शिलाहारकालीन राजधानीचे गाव. कोटजाई आणि धाकटी या नद्यांच्या संगमाजवळ, डोंगरांनी वेढलेल्या अरुंद खोऱ्यात ते वसले आहे. येथील कातळात एकूण 29 लेणी असून त्यांचा संबंध हीनयान बौद्ध, वज्रयान बौद्ध, गाणपत्य-शैव आणि नाथ या धर्मप्रवाहांशी येतो. पहिली लेणी इ. स. तिसऱ्या शतकातील मानली जातात, तर नाथपंथीयांचा वावर चौदाव्या शतकापर्यंत पोहोचतो. हिमालयात आजही जिवंत असलेल्या वज्रयान बौद्ध परंपरेच्या कोकणातील खुणा ठसठशीतपणे पाहायला मिळतात, त्या येथे.

स्थान व परिसर : दापोली शहरापासून हे गाव सुमारे 30 किमी. अंतरावर आहे. वरच्या सड्यांवर जांभा आणि नदीच्या पातळीला काळा कातळ अशी येथील भूरचना असून लेणी या कातळात खोदलेली आहेत. दापोली तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे पावसाळ्यात खोरे हिरवेगार होते आणि नदी दुथडी भरून वाहते. कोटजाईचे पाणी पुढे दाभोळच्या खाडीला मिळते. दाभोळ हे कोकण किनाऱ्यावरील जुने बंदर. तेथे उतरणारा माल खाडीने आत येई आणि पुढे सह्याद्रीचे घाट चढून कऱ्हाडकडे जाई. चिपळूण, खेड आणि घाटावर कऱ्हाडजवळ आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. व्यापारी मार्गांच्या आसऱ्याने भिक्षुसंघाच्या वस्त्या उभ्या राहिल्या, हे पश्चिम भारतातील सर्वसाधारण चित्र पन्हाळेकाजीलाही लागू पडते. मात्र मार्गापासून थोडे बाजूला, वाहत्या पाण्याच्या काठी आणि तरीही आडोशाला असलेले हे खोरे साधनेला अधिक सोयीचे होते. एका पंथानंतर दुसऱ्याने तेच ठिकाण निवडले, यामागे हेही एक कारण असावे.

इतिहास : गावाचे प्राचीन नाव प्रणालक. कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळगडाशी याची गल्लत करू नये. तेथे कोल्हापूरच्या शिलाहार शाखेची सत्ता होती, तर प्रणालक उत्तर कोकणच्या शाखेकडे होते. शके 1061 (इ. स. 1139) चा एक ताम्रपट येथे सापडला. त्यावरून शिलाहार राजा पहिला अपरादित्य याने आपला पुत्र विक्रमादित्य याच्याकडे दक्षिण कोकणचा कारभार सोपवला होता आणि प्रणालक ही त्याची राजधानी होती, हे स्पष्ट झाले. याज्ञवल्क्य स्मृतीवरील ‘अपरार्क’ ही प्रसिद्ध टीका याच अपरादित्याच्या नावावर आहे. त्याने तेजकंठ नावाचा विद्वान काश्मीरला पाठवला होता. तेथील पंडितसभेतील त्याच्या उपस्थितीची नोंद मंख कवीच्या ‘श्रीकंठचरित’ या संस्कृत काव्यात आहे. बाराव्या शतकातील कोकणचा दरबार हिमालयाच्या कुशीतल्या काश्मीरशी विद्येचा व्यवहार ठेवून होता, याचा हा पुरावा. गावाजवळच्या टेकडीवर किल्ल्याचे अवशेष आहेत.

शोध : शतकानुशतके ही लेणी गावकऱ्यांना ठाऊक होती, पण अभ्यासकांच्या नजरेआड राहिली. 1970 च्या दशकात दाभोळचे इतिहाससंशोधक अण्णा शिरगावकर आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक म. न. देशपांडे यांच्या कामामुळे ती प्रकाशात आली. देशपांडे यांनी या लेण्यांवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ सर्वेक्षणाने 1986 मध्ये आपल्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केला. येथील संशोधनाचा पाया आजही तोच आहे.

बौद्ध लेणी : येथील खोदकामाला हीनयान पंथीयांनी सुरुवात केली. क्रमांक 5 च्या लेण्यातील स्तूप त्या काळाचा मानला जातो. ही लेणी लहान आणि साधी आहेत. कार्ले किंवा कान्हेरीसारखे भव्य चैत्यगृह येथे नाही. ब्राह्मी आणि देवनागरी या दोन्ही लिप्यांतील कोरीव लेख समूहात मिळतात आणि वस्तीचा लांबलचक काळ त्यावरूनही ध्यानात येतो.

दहाव्या-अकराव्या शतकांत येथे वज्रयान पंथाचे साधक आले. अक्षोभ्य आणि महाचंडरोषण ही त्यांची मुख्य दैवते. पाच ध्यानी बुद्धांपैकी अक्षोभ्य भूमिस्पर्श मुद्रेत बसतो. त्याचा वर्ण निळा आणि चिन्ह वज्र. महाचंडरोषण हे त्याच्याच कुळातील उग्र दैवत. उजव्या हातात उगारलेली तलवार, डाव्या हातात पाश आणि एक गुडघा जमिनीला टेकलेला, असे त्याचे रूप ग्रंथांत सांगितले आहे. तलवार अज्ञान तोडण्यासाठी आणि पाश भरकटलेल्यांना ओढून आणण्यासाठी, असा त्याचा अर्थ लावतात. क्रमांक 10 चे लेणे या दैवताशी निगडित आहे. भारतात त्याच्या मूर्ती विरळा असल्याने या लेण्याला अभ्यासकांच्या लेखी विशेष मोल आहे.

हिमालयाशी नाते : हिमालयातील स्पितीच्या उजाड, पर्जन्यछायेतील खोऱ्यात तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर असलेला ताबो मठ इ. स. 996 मध्ये स्थापन झाला. म्हणजे तो पन्हाळेकाजीच्या वज्रयान वस्तीचा जवळपास समकालीन. तेथे मातीच्या जाड भिंती आणि सपाट छपरे. येथे धो धो पाऊस आणि कातळात कोरलेल्या खोल्या. निसर्ग पूर्ण वेगळा असला तरी ध्यानी बुद्धांचा परिवार दोन्हीकडे तोच. महाचंडरोषणाची उपासना अचल या नावाने नेपाळ आणि तिबेटमध्ये टिकली, आणि जपानमध्ये हेच दैवत फुदो म्योओ म्हणून घरोघरी ओळखीचे आहे.

कोकणात हा पंथ कसा पोहोचला, याचा एक धागा कान्हेरीच्या शिलालेखांत सापडतो. शिलाहारांच्या अमलात, नवव्या शतकात, गौड देशातून म्हणजे बंगालमधून आलेल्या गोमिन अविघ्नाकर या उपासकाने तेथील भिक्षूंना दान दिल्याची नोंद आहे. पाल राजांचा बंगाल-बिहार हा वज्रयानाचा बालेकिल्ला होता. तेथून ही परंपरा उत्तरेला हिमालयात गेली, दक्षिणेला ओडिशातील रत्नागिरी या महाविहारात फुलली आणि पश्चिम किनाऱ्याशीही तिचा संपर्क राहिला. ओडिशाचे रत्नागिरी आणि कोकणातला रत्नागिरी जिल्हा यांचे नामसाम्य हा योगायोग. वज्रयानाचे अवशेष मात्र दोन्हीकडे आहेत.

गाणपत्य, शैव व नाथ लेणी : शिलाहार काळात येथे शिव आणि गणपती यांची उपासना रुजली. काही जुन्या लेण्यांत फेरबदल झाले, काही नवी खोदली गेली. क्रमांक 19 चे शिवलेणे त्यांत सर्वांत देखणे आहे. त्याच्या छतावर रामायण, महाभारत आणि कृष्णचरित्रातील प्रसंग कोरलेले आहेत. चित्रे लहान चौकटींत बसवलेली असल्याने घाईने वर नजर टाकणाऱ्याला केवळ नक्षी दिसते. मान वर करून थोडा वेळ थांबले की पात्रे आणि प्रसंग उलगडू लागतात. मुख्य समूहात अखंड कातळातून कोरून काढलेले छोटे मंदिरही आहे.

तेराव्या-चौदाव्या शतकांत नाथपंथीय येथे होते. क्रमांक 14 च्या लेण्यात आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ आदी नाथांची शिल्पे आहेत. मुख्य समूहापासून काहीसे दूर असलेले क्रमांक 29 चे लेणे ‘गौर लेणे’ म्हणून ओळखले जाते. त्याच्या भिंतींवर चौऱ्याऐंशी सिद्धांच्या आकृती कोरलेल्या आहेत. ‘ज्ञानेश्वरी’ 1290 मध्ये सिद्ध झाली आणि ज्ञानदेवांनी आपली गुरुपरंपरा आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्ती अशी सांगितली. त्याच सुमारास कोकणातल्या या खोऱ्यात ती परंपरा दगडात उमटत होती. चौऱ्याऐंशी सिद्धांची कल्पना तिबेटी बौद्ध परंपरेतही आहे आणि तेथील यादीत गोरक्ष, मीन, जालंधर, कान्ह ही नावे येतात. नेपाळमधील पाटण येथे मत्स्येंद्रनाथाची रथयात्रा बौद्ध आणि हिंदू मिळून काढतात. वज्रयान आणि नाथ यांच्यातील सीमारेषा किती पुसट होती, हे तेथे उत्सवात दिसते आणि पन्हाळेकाजीत लेण्यांच्या शेजारात.

महत्त्व : शिल्पवैभवात पन्हाळेकाजी अजिंठा-वेरूळच्या पंक्तीला बसत नाही. त्याचे महत्त्व धर्मेतिहासात आहे. भारतात बौद्ध धर्म ओसरत गेला तेव्हा नेमके काय घडले, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी तर्काने द्यावे लागते. येथे एकाच खोऱ्यात स्तूप, उग्र तांत्रिक दैवत, शिवलिंग आणि सिद्धांची मांदियाळी एकापाठोपाठ आलेली दिसते. पंथ बदलले, तरी साधनेची जागा तीच राहिली.

दळणवळण व भेट : लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. मुंबई-गोवा महामार्गावरील खेडहून दापोलीकडे जाताना वाकवली येथून आत वळावे लागते. कोकण रेल्वेचे जवळचे स्थानक खेड. शेवटचा रस्ता अरुंद आणि वळणांचा असून गावात मुक्कामाची व भोजनाची सोय गृहीत धरू नये. दापोलीत ती सहज होते. पावसाळ्यात निसरड्या कातळावर जपून वावरावे लागते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सोयीचे. वेळ थोडा असल्यास क्रमांक 5, 10, 14 आणि 19 ही लेणी पाहून नंतर गौर लेण्याकडे जावे. छतावरील आणि भिंतींवरील बारीक काम पाहण्यासाठी विजेरी जवळ असणे आवश्यक आहे.