क्रॉन आणि मुंबईची ३९ मिनिटं

गेल्या महिन्यात एक घोळ घातला. रात्री २ वाजता बॅकअप व्हावा म्हणून क्रॉनटॅबमध्ये ओळ टाकली आणि वाणगावला घरी येऊन निवांत झोपलो. सर्व्हरचं घड्याळ होतं यूटीसीवर! बॅकअप सुरू झाला सकाळी साडेसातला, पहिल्या पाळीची माणसं कामाला बसल्यावर. दोन तास सगळं ढिम्म. शिव्या त्यांनी खाल्ल्या, चूक माझी.

क्रॉन बिचारा निर्दोष. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतला क्रॉन दर मिनिटाला उठायचा, यादी बघायचा आणि वेळ झालेलं काम उरकायचा. १९८७ साली पॉल विक्सीने तो नव्याने लिहिला, पण पद्धत तीच. वेळ कुणाच्या घड्याळाची, हे मात्र आपणच ठरवायचं.

हे भांडण आपल्याकडे जुनंच आहे. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे. गिरणी कामगार भडकले, कारण घड्याळ पुढे गेलं की पहाटे तेवढं आधी उठणं आलं. महापालिकेने त्याच वर्षी जुनी वेळ परत लावली, ती गेली थेट स्वातंत्र्यानंतर. रेल्वे मात्र प्रमाणवेळेवर. म्हणजे वाणगावहून गाडीने गेलेल्या माणसाला स्टेशनात एक वेळ, शहरात दुसरी!

वेळ ठरवतो एक, झोप मोडते दुसऱ्याची. असो. साडेपाच तास वजा करून ती ओळ आता २०.३० केलीय, आणि वर कॉमेंटही टाकलीय: 'ही वेळ यूटीसी आहे.'