दौत, लेखणी आणि दप्तर : सातारा-सांगली परिसरातील लेखनसाहित्याचा विचार

मराठ्यांच्या इतिहासाची साधने तपासताना अभ्यासकाचे लक्ष कागदावरील मजकुराकडे असते. तो ज्या साहित्याने उतरला, त्याकडे क्वचितच जाते. सातारा व सांगली हे जिल्हे या दृष्टीने विशेष महत्त्वाचे होत. वाईस सापडलेल्या कागदांवरून वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये आपल्या साधनग्रंथमालेचा पहिला खंड सिद्ध केला. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' उभा केला. साताऱ्यास द. ब. पारसनीस यांनी जमविलेला संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. कागद असे जपले गेले. दौती व लेखण्या मात्र बहुधा मोडीत गेल्या.

या साहित्याची नावेच प्रथम पाहावीत. 'लेखणी' संस्कृत, 'दौत' अरबी, 'शाई' फारसी, मूळ अर्थ काळेपणा. 'कलम' अरबीतून आले, परंतु त्याचे मूळ बोरूवाचक ग्रीक शब्दात आहे. 'दप्तर' हाही शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ कमावलेले कातडे. चिटणीस, फडणीस यांतील 'नीस' म्हणजे फारसीतील लिहिणारा. शिवकालीन राज्यव्यवहारकोशात लेखनवर्ग स्वतंत्र असून यावनी शब्दांस संस्कृत पर्याय दिले आहेत. तरीही दौत व शाई लोकव्यवहारातून हटली नाहीत, आणि लेखणीही त्यांच्या शेजारी टिकली. दिवाळीच्या पूजेत दौतीस महाकाली व लेखणीस सरस्वती मानतात. तेथे अरबी नाव व संस्कृत नाव एकाच पाटावर बसतात.

साधनाचा परिणाम अक्षरावर होतो. मोडीत प्रथम ओळभर शिरोरेषा आखून तिच्याखाली शक्यतो हात न उचलता लिहीत. बोरूचे तोंड तिरपे छाटलेले असल्याने रेघेची जाडी हाताच्या कोनावर ठरे. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतील पोलादी टाक कचेऱ्यांत आले. लवचीक, अणकुचीदार टाकाची रेघ दाबाने रुंदावते. म्हणून तारखेविना असलेल्या कागदाचा काळ ठरविताना रेघेची जातही साक्ष देते. शाईचेही तसेच. काजळ व डिंक यांची शाई शतकानुशतके काळीच राहते, पण ओल लागताच पसरते. हिराकस व हिरडा यांची शाई तपकिरी होते आणि प्रसंगी कागदच खाते. अशा दोन कागदांस एकच उपचार करणे घातक होय.

हल्ली हौशी संग्राहक नक्षीदार पितळी दौती, कलमदाने व रंगीत काचेच्या बाटल्या आवडीने मिळवितात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु दौत घासून लखलखीत केली की तळाशी वाळलेली शाई जाते, आणि तिच्याबरोबर त्या शाईचे घटक ओळखण्याचा मार्गही जातो. वस्तू कोणत्या गावची, कोणत्या व्यवसायातील, घरातील वडीलधारी माणसे तिला काय म्हणत, एवढे तरी टिपून ठेवावे. विसाव्या शतकात मोडी शालेय व सरकारी व्यवहारातून गेली. ती वाचणारे आज थोडे उरले आहेत. बोरू छाटण्याची रीत व तिचे बोलीतील शब्द तर कागदावर फारसे आलेच नाहीत. दौत कपाटात राहू शकते. तिचे शब्द मात्र माणसांच्या तोंडी असतात. तेव्हा ते नोंदविण्याचे काम प्रथम हाती घ्यावयास हवे.