कळकलेलं ताक आणि मेंदूतलं तांबं

'ताक कळकलं' म्हणजे काय, हे सातारा-सांगलीकडच्या एखाद्या आजीला विचारून बघा. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की आंबट पदार्थात तांबं उतरतं, चव बिघडते, खाल्लं तर मळमळतं. म्हणून कल्हईवाला गल्लीत आला की घराघरातली भांडी बाहेर यायची. भाता, नवसागर आणि वर कथलाचा पातळ थर, एवढ्यावर काम भागायचं.

पण कळकलेलं ताक जिभेला समजतं, दुधाचं तसं नाही. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तापवलेल्या दुधात तांबं उतरतं आणि दुधातली प्रथिनं ते धरून ठेवतात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये असं मांडलं, की लहान बाळांच्या जीवघेण्या यकृतविकारामागे असं दूध असावं. पुढे भांडी बदलली आणि हा आजार जवळपास दिसेनासा झाला.

आता मेंदूकडे येऊ. १९१२ साली लंडनमध्ये किनियर विल्सन यांनी एक आजार नोंदवला. ऐन तारुण्यात हात थरथरतात, बोलणं अडखळतं, अक्षर बिघडतं. मेंदूतला हालचाली सांभाळणारा भाग झिजलेला असतो आणि सोबत यकृतही खराब झालेलं असतं. दोन्हीकडे तांबं साचलेलं असतं, हे पुढच्या काही दशकांत स्पष्ट झालं.

इथे मात्र दोष भांड्याचा नाही. पेशींना ऊर्जा तयार करायला थोडं तांबं लागतंच. जादाचं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. हे काम करणाऱ्या प्रथिनाचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. ते जनुक बिघडलं की तांबं आधी यकृतात साठतं, मग रक्तातून मेंदूत पोचतं आणि मोकळं राहून पेशींना इजा करतं.

मेंदू झिजवणारे बहुतेक आजार आपल्याला थांबवता येत नाहीत. हा येतो. १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन वापरलं. हे औषध तांबं पकडून लघवीवाटे बाहेर काढतं. अट एकच: वेळेत सुरू व्हायला हवं, आणि आयुष्यभर घ्यायला हवं.

मी हे तुम्हाला का सांगतोय? हा आजार व्हायला आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं जनुक यावं लागतं. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत जुनी आहे. नात्यात लग्न झालं की दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते. घरात एकाला हा आजार निघाला, तर त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक. ते भावंड आज धडधाकट दिसत असलं तरीही. रक्ताची आणि लघवीची तपासणी, सोबत डोळ्यांची, एवढ्यावरून बरंचसं कळतं. हात थरथरायची वाट बघू नका.