तेजाब, शिसं आणि नाना पेठेतले मिस्त्री

दख्खनी मुसलमानांचा इतिहास लिहायला बसलं की लेखणी आपसूक बहमनी, आदिलशाही, निजामशाहीकडे वळते. घुमट आणि फर्मानं संपली की आपल्या लेखी इतिहासही संपतो. पुण्याच्या नाना पेठेत, भवानी पेठेत ज्यांचे हात ग्रीसने काळे झाले, त्यांच्यावर कोण लिहिणार? माझे एक चाचा त्यांच्यापैकीच. मोटारीच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचे. 'दुरुस्त' हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण आज बॅटरी फक्त बदलली जाते.

ॲसिडला ते तेजाब म्हणत. शब्द फारसी, तेज पाणी. पेशव्यांच्या आबदारखान्यातला 'आब' तो हाच. पाण्यात तेजाब ओतायचं, तेजाबात पाणी कधीच नाही, हा दुकानातल्या पोराचा पहिला धडा. उलट केलं तर ते उसळून तोंडावर येतं.

शिशाची ही बॅटरी मोटारीपेक्षा जुनी आहे. फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते यांनी ती १८५९ मध्ये बनवली. पुढे मोटारी आल्या, पण त्या हँडल मारून सुरू करायच्या. उलटा झटका बसला तर मनगट मोडायचं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा सेल्फ स्टार्टर आला आणि ते काम बॅटरीकडे गेलं. आपल्याकडे हँडल बरंच टिकलं. अँबेसिडर, पद्मिनीवाले ते गाडीत बाळगायचे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिला हँडल नव्हतं. बॅटरी बसली की धक्का मारायला माणसं शोधा.

आज एक्साइड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचा चिंचवडचा कारखाना १९६९ चा. त्याची तारीख सापडते. चाचांच्या कामाची सापडत नाही, म्हणून ते इथे लिहून ठेवतो. काळ्या कडक रबराची पेटी, वर डांबराचा थर, आत सहा कप्पे, प्रत्येकी सुमारे २ व्होल्टचे. हायड्रोमीटरने एकेक कप्पा तपासायचा. पाच कप्पे १२५० च्या आसपास आणि सहावा ११०० वर, म्हणजे रोगी सापडला. मग डांबर तापवून काढायचं, त्या कप्प्यातल्या प्लेटा उपसून नव्या बसवायच्या, शिशाची पट्टी ज्योतीवर वितळवून जोडायची. बंद झाकणाची 'मेंटेनन्स फ्री' बॅटरी आली आणि हे कसब संपलं. त्याबद्दल कुणी शोकसभा घेतली नाही.

राहिली ती निवड आणि बसवणी. परवा माझी गाडी सकाळी कण्हायला लागली तेव्हा चाचांची जुनी ताकीद आठवली: पहले देख, फिर खोल. नवी बॅटरी घेण्याआधी मल्टिमीटर लावला. पूर्ण भरलेली चांगली बॅटरी, गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते; इंजिन चालू केल्यावर आकडा साधारण १४ वर जायला हवा. जात नसेल तर संशय आधी अल्टरनेटरवर घ्या, नाहीतर नवी बॅटरीही तशीच उतरेल. पुण्यात बॅटरी थंडीत दगा देते म्हणतात, पण तिला खरं खातं ते एप्रिल-मेचं ऊन. मरते वैशाखात, जनाजा निघतो डिसेंबरात.

दुकानात ब्रँडवर तासभर वाद घालणारे लोक लेबल वाचत नाहीत. समजा वर ३८बी२०एल लिहिलंय. त्यातले २० म्हणजे लांबी, साधारण २० सेंटिमीटर, आणि शेवटचं अक्षर टर्मिनल कोणत्या बाजूला ते सांगतं. ते चुकलं तर केबल पोचत नाही, आणि ओढूनताणून उलटी जोडली तर गाडीची इलेक्ट्रॉनिक्स जळते. अँपिअर-अवर कंपनीने सांगितलेलेच घ्यावेत. डिझेलला जास्त लागतात, कारण तिथे इंजिन फिरवायला जोर जास्त. उत्पादनाची तारीख बघा; शेल्फवर सहा महिने झोपलेली बॅटरी मी तरी घेत नाही.

काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी. बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. ते टोक सुटलं की पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. जुन्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेलं असे, म्हणून चाचांचं 'पहले देख'. शेवटी क्लॅम्प घट्ट आवळायचा. हादऱ्यांनी प्लेटा झडतात, आणि आपले रस्ते आपल्याला माहीत आहेत.

चाची दुकानातले कपडे मुलांच्या कपड्यांत धूत नसे, तेजाबाने भोकं पडतील म्हणून. शिशाच्या धुळीची कुणाला कल्पनाही नव्हती. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थच्या अहवालाने सांगितलं की जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात घातक पातळीचं शिसं आहे, आणि जुन्या बॅटऱ्या उघड्यावर वितळवणं हे त्याचं एक मोठं कारण. ते मुलांच्या मेंदूवर जातं. अशा भट्ट्यांवर राबणारे आणि त्यांच्या शेजारी राहणारे कोणत्या वस्त्यांतले असतात, हे वेगळं सांगायला नको. जुनी बॅटरी विक्रेत्याने परत घ्यावी, हा नियम २००१ मध्ये आला. २०२२ च्या नियमांनी ती गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. भंगारवाला दोन पैसे जास्त देत होता. मी ती दुकानातच दिली आणि वजावट बिलावर लिहून घेतली.