मांडवी ते वाशी : साथींतील जाहीरनामे व दारांवरील खुणा

साथीच्या रोगाचा इतिहास सामान्यतः मृतांच्या आंकड्यांवरून लिहिला जातो. परंतु सरकारनें लोकांस काय सांगितलें, कोणत्या रीतीनें सांगितलें आणि त्यायोगें रोग्याच्या वांट्यास काय आलें, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. त्याचीं साधनें म्हणजे जाहीरनामे, भिंतींवरील पत्रकें व दारांवरील खुणा. हीं साधनें अल्पायुषी असल्यामुळें संग्राहकांच्या नजरेंतून बहुधा सुटतात. १८९६ व २०२० या दोन सालांच्या साथी शेजारीं ठेवून पाहिल्यास त्यांचें मोल ध्यानांत येईल, असें आम्हांस वाटतें.

या दोन साथींस जोडणारा एक धागा ठाण्याच्या खाडीच्या दोन तीरांवर पसरला आहे. मुंबईंतील मांडवी हा भाग १८९६ सालीं धान्याच्या वखारींनीं गजबजलेला होता. तेथेंच डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनीं गांठीचा ताप ओळखिला व तो प्लेगच होय, असें ता. २३ सप्टेंबर १८९६ रोजीं जाहीरपणें सांगितलें. पुढें १९७० सालीं सिडको स्थापन होऊन नवी मुंबई आकारास येऊं लागली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस मांडवीकडील धान्य-मसाल्यांचा घाऊक व्यापार वाशीच्या कृषि उत्पन्न बाजार समितीच्या आवारांत आला. मे २०२० मध्यें करोनाच्या प्रादुर्भावामुळें त्या आवारांतील पांचही बाजार ता. ११ पासून आठवडाभर बंद ठेवावे लागले. व्यापार स्थलांतरित झाला, तरी संशयाची दृष्टि त्याच्या पाठोपाठ आलीच.

आतां मुंबईच्या कागदांकडे वळूं. ता. ६ ऑक्टोबर १८९६ रोजीं म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनीं १८८८ च्या म्युनिसिपल कायद्याच्या आधारें जाहीरनामा काढिला. त्यानें रोग्यास प्रसंगीं बळानें रुग्णालयांत नेण्याची मुभा अधिकाऱ्यांस मिळाली. लोकांच्या अनुभवास एवढेंच आलें कीं, माणूस नेला जातो व बहुधा परत येत नाहीं. नेलेल्या माणसाच्या शरीरांतून मोमियाई काढितात, अशी आवई उठली. ता. २९ ऑक्टोबर रोजीं सुमारें एक हजार गिरणीकामगारांनीं आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशीं हुकूम सौम्य झाला : घरीं नीट विलग ठेवितां येईल अशा रोग्यास हलवूं नये, असें ठरलें.

या आवईस केवळ अज्ञान म्हणून बाजूस सारणें इतिहासास धरून होणार नाहीं. जाहीरनाम्यानें ज्या प्रश्नाचें उत्तर लोकांपर्यंत पोंचविलें नाहीं, त्याचें उत्तर लोकांनीं स्वतः रचिलें. मोमियाईची कथा हें तें उत्तर होय. तिच्या धाकानें रोगी लपविले जाऊं लागले, आणि रोगी लपला कीं साथीची खरी नोंदही लपली.

ता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगांचा कायदा झाला. झडत्या, विलगीकरण व धुणें-रंगविणें यांस जोर चढला. राहण्यास अयोग्य ठरविलेल्या घरांवर ‘यु. एच्. एच्.’ हीं इंग्रजी अक्षरें रंगविलीं जात. ज्यांच्या घरांवर तीं उमटलीं त्यांतील पुष्कळांस तीं वाचतां येत नव्हतीं. परंतु त्या घरापासून दूर रहावें, एवढा अर्थ शेजाऱ्यापाजाऱ्यांस न वाचतांच कळे. पुढें १८९८ सालीं सिमों या फ्रेंच वैद्यानें उंदरांवरील पिसवांचा पुरावा मांडिला व कालांतरानें तो मान्य झाला. गांठीचा प्लेग मुख्यत्वें पिसवांनीं पसरतो. अर्थात् शेजाऱ्यांनीं ज्याच्याकडे पाठ फिरविली त्या रोग्यापेक्षां वखारींतील उंदीर अधिक भयंकर होता.

जाहीरनाम्यास न साधलेला विश्वास कांहीं व्यक्तींच्या आचरणानें संपादन केला. हाफकिन यांनीं आपली लस ता. १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पुण्यास सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करितां करितां ता. १० मार्च १८९७ रोजीं त्याच रोगानें निवर्तल्या.

२०२० सालीं महाराष्ट्रांत तोच १८९७ चा कायदा पुन्हां लागू झाला. घरांत विलग राहणाऱ्यांच्या हातावर शाईचे शिक्के उमटले; अनेक ठिकाणीं दारांवर कागद लागले. मात्र एक फरक नोंदविण्याजोगा आहे. या वेळीं लढा रोगाशीं आहे, रोग्याशीं नव्हे, हा संदेश दूरध्वनीवर प्रत्येकास ऐकविला जात होता. नवी मुंबई महानगरपालिकेचे दैनिक आंकडे बेलापूर, नेरूळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली व दिघा अशा विभागवार येत. त्यांत स्थळ कळे, व्यक्ति नव्हे. तरीही वैद्यकीय सेवकांवर हल्ले झाले, आणि ता. २२ एप्रिल रोजीं वटहुकूम काढून जुन्या कायद्यांत त्यांच्या संरक्षणाची तरतूद करावी लागली. ता. ९ डिसेंबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, सक्षम अधिकाऱ्याचा विशेष आदेश असल्याखेरीज रोग्याच्या घराबाहेर असे कागद लावूं नयेत. दारावरील खुणेचा प्रश्न न्यायासनापुढें येण्यास एकशें तेवीस वर्षें लागलीं.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति आहे. २०२० सालचीं गृहसंस्थांचीं पत्रकें, बाजाराच्या सूचना, फाटकांवरील कागद हे आजच जमवावे. प्रत्येकावर तारीख व स्थळ लिहावें. ज्या कागदावर रोग्याचें नांव असेल तो मोहरबंद ठेवावा, व त्याची प्रत नांव झांकूनच अभ्यासकास द्यावी. एकदां दारावर लागलेला डाग दप्तरांतून पुन्हां त्या घरावर लागूं नये, हीही संशोधकाचीच जबाबदारी होय.