ऱ्हासालाही तारीख असते : मोंमार्त्रच्या नवसाची गोष्ट

संशोधन-आराखड्याचा दुसरा मसुदा मी मार्गदर्शकांना दिला, तेव्हा त्यात एक वाक्य होतं : ‘पॅरिस कम्यूनच्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून फ्रेंच कॅथलिकांनी मोंमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर हे चर्च बांधलं.’ वाक्य लिहिताना मला जराही शंका आली नव्हती. इतक्या ठिकाणी हेच वाचलं होतं की त्याला आधार द्यावा असंही वाटलं नाही. सरांनी वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात दोनच शब्द लिहिले : ‘नवस कधीचा?’

मी तारीख शोधली, आणि आराखड्याची तीन पानं फाडावी लागली. ती का फाडावी लागली, हे सांगण्यासाठी हा लेख. माझा विषय आहे एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधलं कॅथलिक ‘ऱ्हास-लेखन’, म्हणजे ‘आधुनिक समाज नीतीने आणि श्रद्धेने घसरला आहे’ असं सांगणारी प्रवचनं, पत्रकं, पुस्तकं. तुमचा विषय वेगळा असेल, पण ‘पूर्वी बरं होतं, आता बिघडलं’ असं म्हणणारं साधन तुमच्याही हाती कधी ना कधी येणारच.

आधी तारखा

जुलै १८७० मध्ये फ्रान्सने प्रशियाशी युद्ध पुकारलं. २ सप्टेंबरला सेदानला फ्रेंच सैन्याने शरणागती पत्करली आणि खुद्द सम्राट तिसरा नेपोलियन कैद झाला. ४ तारखेला पॅरिसमध्ये प्रजासत्ताक जाहीर झालं. १९ तारखेला जर्मन सैन्याने पॅरिसला वेढा घातला. आणि २० तारखेला तिकडे इटलीचं सैन्य रोममध्ये शिरलं. रोमच्या रक्षणासाठी ठेवलेली फ्रेंच तुकडी युद्धामुळे आधीच माघारी बोलावली गेली होती. पोपची शेकडो वर्षांची राजकीय सत्ता तिथे संपली.

श्रद्धाळू फ्रेंच कॅथलिकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. एकाच महिन्यात देश हरला आणि पोपचं राज्यही गेलं. त्याच्या मते या दोन घटना सुट्या नव्हत्या. पोपला वाऱ्यावर सोडलं म्हणून देवाने फ्रान्सला सोडलं, असा त्याचा सरळ हिशेब होता.

अलेक्सांद्र लजान्ती हे असेच एक गृहस्थ. युद्धाच्या धामधुमीत ते पॅरिस सोडून प्वातिए शहरात गेले होते. तिथे डिसेंबर १८७० मध्ये त्यांनी एक नवस बोलला. मजकुराचा आशय असा : फ्रान्सवर संकटं कोसळली आहेत, रोममध्ये धर्माची विटंबना झाली आहे, आम्ही आमच्या पापांची क्षमा मागतो, पोपच्या मुक्ततेची याचना करतो आणि पॅरिसमध्ये येशूच्या पवित्र हृदयाला वाहिलेलं एक मंदिर उभारायला हातभार लावण्याचं वचन देतो. (वसईतल्या किंवा गोव्यातल्या कॅथलिक घरांत भिंतीवर दिसणारी पवित्र हृदयाची तसबीर आठवा. तीच ही भक्ती.) लजान्तींचे मेहुणे रोओ द फ्लरी यांनीही हे काम अंगावर घेतलं आणि थोड्याच दिवसांत तो ‘राष्ट्रीय नवस’ झाला.

आणि कम्यून? ते सुरू झालं १८ मार्च १८७१ रोजी. नवस त्याच्या तीन महिने आधीचा! जे पाप अजून घडलंच नव्हतं, त्याचं प्रायश्चित्त कोण कसं घेणार? माझं वाक्य तिथेच कोसळलं.

मग पाप कोणतं?

हा प्रश्न मला माझ्या चुकीमुळेच सापडला. कम्यून बाजूला काढल्यावर त्या काळच्या धार्मिक मजकुरात पापांची यादी वेगळीच दिसायला लागते : रविवारी काम करणं, देवाच्या नावाने शिव्या देणं, चर्चबद्दलची उदासीनता, साम्राज्याच्या काळातला चैनीचा हव्यास, पोपशी केलेली प्रतारणा. या सगळ्याच्या मुळाशी १७८९ ची क्रांती. म्हणजे हे पाप एखाद्या बंडखोर मोहल्ल्याचं नव्हतं, अख्ख्या राष्ट्राचं होतं, आणि नवस बोलणारा स्वतःलाही त्यातून वगळत नव्हता.

आपल्याकडे आजी ‘कलियुग आलंय रे’ म्हणते, तेव्हा त्या ऱ्हासाला कोणी जबाबदार नसतं. युगाचा धर्मच तसा. इथे तसं नाही. बायबलच्या जुन्या करारातल्या इस्राएलसारखं राष्ट्र पाप करतं, देव शासन करतो, लोक पश्चात्ताप करतात आणि देव पुन्हा जवळ घेतो. ऱ्हास माणसाने ओढवून घेतलेला आहे, म्हणूनच तो परतवता येतो. तो अटळच मानला असता तर नवस बोलण्यात काय अर्थ होता? हा फरक लक्षात आला नाही, तर ‘हे लोक नुसते जुन्याला कवटाळून रडत होते’ असं आपण लिहून बसतो.

कम्यून आत शिरलं कसं?

माझं वाक्य अगदीच हवेतून आलेलं नव्हतं. कम्यूनची ठिणगी पडली तीच मोंमार्त्रवर. तिथल्या तोफा ताब्यात घ्यायला सरकारने सैन्य पाठवलं, जमावाने ते अडवलं आणि लकोंत व तोमा हे दोन सेनानी त्याच दिवशी मारले गेले. पुढे २१ ते २८ मे च्या ‘रक्तरंजित आठवड्यात’ सरकारी सैन्याने कम्यून चिरडलं. हजारो माणसं मेली. नेमका आकडा आजही वादात आहे. त्याच आठवड्यात, २४ मे रोजी, कम्यूनच्या ताब्यात ओलीस असलेले पॅरिसचे आर्चबिशप दार्बुआ यांना गोळ्या घातल्या गेल्या.

नवे आर्चबिशप गिबेर यांनी १८७२ मध्ये नवस स्वीकारला आणि जागा निवडली मोंमार्त्रची. शहरात कुठूनही दिसणारी टेकडी, शिवाय संत देनी यांच्या हौतात्म्याची परंपरा तिच्याशी जोडलेली. २४ जुलै १८७३ रोजी राष्ट्रीय सभेने ३८२ विरुद्ध १३८ मतांनी हे बांधकाम सार्वजनिक हिताचं ठरवलं. १६ जून १८७५ रोजी कोनशिला बसली. आता ‘जिथून कम्यून सुरू झालं तिथेच हे चर्च उभं राहतंय’ असं बांधणारेही म्हणू लागले आणि विरोधकही. एकाला त्यात समाधान, दुसऱ्याला अपमान. १९०५ मध्ये विरोधकांनी चर्चच्या समोरच शव्हालिए द ला बार या तरुणाचा पुतळा बसवला. धर्मनिंदेच्या आरोपावरून १७६६ मध्ये त्याला देहदंड झाला होता.

म्हणजे माझं वाक्य साफ खोटं नव्हतं. ते उशिराचं होतं. नंतर चढलेला अर्थ मी सुरुवातीचा हेतू म्हणून लिहिला होता. इतिहासात ही चूक फार सहज होते, कारण नंतरचा अर्थच आपल्यापर्यंत मोठ्या आवाजात पोचलेला असतो.

पण खरंच घसरण झाली होती का?

पुढचा प्रश्न अवघड. हे लोक ज्याबद्दल हळहळत होते, ते प्रत्यक्षात घडत होतं का? इथे मी तीन साधनं शेजारी ठेवतो.

पहिलं, पापनिवेदन, म्हणजे गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात ते. ल मांसचे बिशप बुव्हिए यांनी १८४२ मध्ये रोमला लेखी प्रश्न विचारला. त्यांची अडचण ही की तरुण जोडप्यांना फार मुलं नको असतात, ती गर्भधारणा टाळतात, आणि पापनिवेदनात त्याबद्दल विचारलं तर दुखावली जातात. फ्रान्समधला जन्मदर शेजारी देशांच्या कितीतरी आधी उतरू लागला होता, हे लोकसंख्येचे अभ्यासक सांगतातच. म्हणजे बिशपना जे दिसत होतं ते खरं होतं. त्याला ‘ऱ्हास’ म्हणायचं की ‘बदल’, हा पुढचा प्रश्न.

दुसरं, मृत्युपत्रं. मिशेल व्होव्हेल यांनी प्रोव्हान्समधली अठराव्या शतकातली हजारो मृत्युपत्रं तपासली (ग्रंथ १९७३ चा). आत्म्यासाठी मिस्सा म्हणाव्यात, अशी मागणी १७५० नंतर कमी होत जाते. क्रांतीच्या बरीच आधी! पण गप्प बसणं म्हणजे श्रद्धा जाणं का? फिलिप आरिएस यांनी वेगळा अर्थ लावला : कुटुंबीयांवरचा विश्वास वाढला, ते करतीलच म्हणून लिहायची गरज उरली नाही. एकच रिकामी ओळ आणि तिचे दोन अर्थ.

तिसरं, नन्स. क्लोद लांग्लुआ यांच्या मोजणीनुसार १८०० ते १८८० या काळात फ्रान्समध्ये स्त्रियांचे सुमारे ४०० नवे धर्मसंघ निघाले आणि दोन लाखांच्या आसपास स्त्रिया धर्मसंघांत दाखल झाल्या. ज्या दशकांत ‘श्रद्धा मेली’ असा आक्रोश चालू होता, त्याच दशकांत हे घडत होतं. लूर्दची तीर्थयात्राही याच काळातली.

मग घसरण झाली की नाही? प्रश्न असा विचारला की उत्तर येत नाही. कुठे, कशात, कोणाची, असं विचारलं की येतं. ब्रिटनीत चर्च भरलेली, लिमूझँमध्ये ओस. बायका आत, पुरुष बाहेर. हे चित्र नीट हाती आलं ते विसाव्या शतकात, गाब्रिएल ल ब्रा आणि धर्मगुरू फेर्नां बुलार यांच्या मोजणीमुळे. बुलार यांचा ग्रामीण फ्रान्सचा नकाशा १९४७ चा. गंमत बघा, घसरणीच्या काळजीपोटीच चर्चच्या माणसांनी इतकी बारीक मोजदाद केली, आणि त्या मोजदादीनेच ‘सगळीकडे घसरण’ ही कल्पना मोडीत काढली.

साधनाशी कसं वागायचं

अशा मजकुरापुढे दोन मोह होतात. एक, हसून सोडून देण्याचा. दुसरा, त्यालाच समाजाचं वर्णन मानण्याचा. रविवारचं उदाहरण घ्या. ‘रविवारी काम करू नका’ हे वरवर नुसतं सोवळं वाटतं. पण त्यामागे मालकाच्या हव्यासावरची टीकाही होती. पोप तेरावे लिओ यांच्या १८९१ च्या कामगारविषयक परिपत्रातही रविवारच्या विश्रांतीचा आग्रह आहे. फ्रान्समध्ये १९०६ मध्ये साप्ताहिक सुट्टीचा कायदा झाला, तेव्हा कामगार संघटना आणि कॅथलिक सुधारक, दोघांनाही तो हवा होता. हसून सोडलं असतं तर हा धागा हातून गेला असता.

म्हणून ऱ्हासाचा मजकूर हाती आला की मी आता वहीत तीन प्रश्न लिहितो : हे नेमकं कोणत्या तारखेला लिहिलं? ‘पूर्वी’ म्हणजे कोणता काळ मनात आहे? आणि लिहिणाऱ्याला हे कुठून दिसलं – पापनिवेदनाच्या खुर्चीतून, व्यासपीठावरून, की वेढ्यातून निसटलेल्या निर्वासिताच्या खोलीतून?

आराखड्यातलं वाक्य आता असं आहे : ‘१८७० च्या पराभवानंतर, कम्यूनच्या आधी, फ्रेंच कॅथलिकांनी राष्ट्राच्या पापांचं प्रायश्चित्त म्हणून नवस बोलला; कम्यूनचा अर्थ त्यावर नंतर चढला.’

सरांनी परवा मसुदा परत दिला. ‘नंतर चढला’ पुढे बरोबरची खूण आहे. ‘फ्रेंच कॅथलिकांनी’ या शब्दांखाली मात्र पेन्सिलीची नवी रेघ, आणि समासात : ‘कोणत्या? दार्बुआ धरून?’ ज्या आर्चबिशपांना कम्यूनने मारलं, त्यांनीच १८७० च्या व्हॅटिकन परिषदेत पोपच्या अस्खलनशीलतेच्या सिद्धांताला विरोध केला होता. सगळे कॅथलिक एका रांगेत उभे नव्हतेच.

तर आता तेही पान फाडायचं आहे.