चर्मवाद्यदुरुस्ती, खानदेशातील

जुन्या चर्मवाद्यांचे मढविलेले कातडे, ताणाच्या वाद्या किंवा दोऱ्या आणि खोड यांतील दोष हातहत्यारांनी दूर करून वाद्य पुन्हा वाजते करण्याची कारागिरी. भारतीय संगीतशास्त्रात कातड्याने मढविलेल्या वाद्यांना ‘अवनद्ध’ अशी संज्ञा आहे. खानदेशात म्हणजे जळगाव व धुळे या जिल्ह्यांत, तसेच १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, ही कारागिरी सुतार, लोहार व चर्मकार या तीन व्यवसायांच्या सीमेवर वाढली. त्यामुळे तिन्ही व्यवसायांची हत्यारे आणि तिन्ही व्यवसायांतील इजा यांचा संबंध तिच्याशी येतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : भरताच्या नाट्यशास्त्रात अवनद्ध वाद्यांचे सविस्तर विवेचन असून वाद्याच्या मुखावर नदीकाठच्या मातीचा लेप देण्याची पद्धत त्यात सांगितली आहे. खानदेशच्या सीमेवरील अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाच्या चित्रात नर्तकीभोवती वादकांचा मेळा असून त्यात चर्मवाद्येही आहेत. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारी शार्ङ्गदेवाने रचलेल्या संगीतरत्नाकर या ग्रंथाचा एक संपूर्ण अध्याय वाद्यांना वाहिलेला आहे. त्यात वाद्यांची मापे व द्रव्ये दिली आहेत. शास्त्रग्रंथांनी वाद्य कसे असावे हे सांगितले. ते फाटल्यावर काय करावे, हे ज्ञान मात्र कारागिरांच्या हाती आणि तोंडी राहिले.

खानदेशातील वाद्ये विविध आहेत. वहीगायनात डफ, गोंधळात संबळ, भजनात व वारीत मृदंग, तमाशात ढोलकी व हलगी, मिरवणुकीत ढोल व ताशा असा त्यांचा वापर होतो. सातपुड्यातील पावरा व भिल्ल समाजांत होळीच्या उत्सवात मोठे ढोल वाजतात. मुक्ताईनगरहून पंढरपूरला जाणारी संत मुक्ताबाईंची पालखी आणि जळगावचा श्रीराम रथोत्सव यांसारखे वार्षिक सोहळे जवळ आले, की जुनी वाद्ये बाहेर निघतात व दुरुस्तीचे काम वाढते.

बलुतेदारीच्या व्यवस्थेत मेलेल्या जनावरांची विल्हेवाट लावणे, कातडे कमावणे व काही वाद्ये वाजविणे ही कामे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींवर लादलेली होती. ज्यांच्या हातच्या वाद्याशिवाय देवाची मिरवणूक निघत नसे, त्यांनाच देवळाबाहेर उभे राहावे लागे. १९२७ च्या महाड परिषदेनंतर हीन समजली जाणारी गावकीची कामे सोडून देण्याची चळवळ महाराष्ट्रात पसरली. १९५८ च्या अधिनियमाने कनिष्ठ ग्रामवतने रद्द करण्यात आली. या बदलांकडे केवळ परंपरेचा ऱ्हास म्हणून पाहता येत नाही. ती एका अन्यायातून झालेली सुटका होती. मात्र कातड्याची पारख व हत्यार धरण्याची रीत जिथे केवळ घराण्यातून चालत आली होती, तिथे ती शिकविणारी दुसरी व्यवस्था उभी राहिली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेमार्ग आला व भुसावळ हे मोठे रेल्वेकेंद्र बनले. कारखान्यात तयार झालेली हत्यारे व वस्तू खानदेशच्या बाजारपेठांत पोहोचणे त्यामुळे सुलभ झाले. लष्करी वाद्यवृंदाच्या धर्तीवरील बँडपथके लग्नकार्यांत रुळली आणि धातूचे कडे, पेच व ताणदांडे असलेले विलायती ड्रम दुरुस्तीस येऊ लागले. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत कृत्रिम पटलाची पाने प्रचारात आली व पुढे ती भारतातही पसरली. कातडे भिजविणे व ओढणे हे कष्ट त्यांनी वाचविले. पण जुन्या वाद्याचा नाद त्यांनी जसाच्या तसा मिळत नाही.

हत्यारे : कातड्यासाठी रापी, आरी व दाभण, लाकडासाठी वाकस, पटाशी, करवत, रंधा, गिरमिट व कानस, ताण साधण्यासाठी हातोडी व लाकडी मोगरी, विलायती ड्रमसाठी पेचकस, पान्हा व ताणकिल्ली ही मुख्य हत्यारे होत. कारागीर बहुधा जमिनीवर बसतो आणि वाद्य दोन्ही पावलांत किंवा गुडघ्यांत धरतो. दोन्ही हात मोकळे राहतात, हा या बैठकीचा फायदा; हत्यार निसटले तर ते मांडीत किंवा पावलात शिरते, हा तिचा धोका.

धोके व दक्षता : दुरुस्तीची पहिली पायरी ताण उतरविण्याची असते. तबल्याच्या गजऱ्यातील १६ घरांतून वादी ओवलेली असते व तिच्याखाली ८ गठ्ठे असतात. ताणलेली वादी एकदम कापल्यास ती फटकारते, पुडीवरील ताण एका बाजूला जातो आणि जुने कातडे काठाशी फाटते. म्हणून आधी समोरासमोरचे गठ्ठे आलटूनपालटून खाली घ्यावेत व वादी गाठीकडून सोडवीत जावी. खानदेशच्या उन्हाळ्यात पारा ४५° से.पर्यंत चढतो, अशा कोरड्या हवेत कातडे आधीच आखडलेले असते. उन्हातून आणलेले वाद्य सावलीत ठेवून नंतरच हातोडी चालवावी. हातोडीचा दांडा तिच्या माथ्यात घट्ट बसलेला आहे की नाही, हे रोज कामाच्या आरंभी पाहावे.

रापी चालविताना पाते अंगापासून दूर जाईल असे धरावे आणि दुसरा हात पात्याच्या वाटेत येऊ देऊ नये. कातडे मांडीवर न घेता फळीवर ठेवून कापावे. आरीने भोक पाडताना कातड्यामागे बोट न ठेवता लाकडाचा ठोकळा ठेवावा. धार बोथट झाली की कारागीर जास्त जोर लावतो, आणि जोर लावलेले हत्यार निसटले की जखम खोल होते. म्हणून धार लावणे हे सुरक्षिततेचेच काम होय.

खोड गोल असल्यामुळे पटाशीखाली ते घरंगळते. वाळूच्या पिशवीत किंवा खाच पाडलेल्या दोन लाकडी ठोकळ्यांवर ते स्थिर करावे व दोन्ही हात धारेच्या मागे राहतील अशा रीतीने पटाशी धरावी. कानशीला मूठ नसल्यास तिचे टोक तळहातात घुसते. नगारा किंवा ताशा यांच्या पत्र्याचा फाटलेला काठ हाताळण्यापूर्वी कानशीने बोथट करावा. ड्रमच्या पेचाला योग्य मापाचीच किल्ली लावावी. सैल किल्ली निसटली, तर बोटांची सालटी निघतात व पेचाचा माथाही झिजतो.

काही धोके डोळ्यांना दिसत नाहीत. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. जुन्या रंगात शिसे असू शकते. असा रंग कोरडा न घासता ओला करून खरवडावा व नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी. जुन्या विलायती ड्रमचे रंगीत आवरण अनेकदा सेल्युलॉइडचे असते. ते अतिशय ज्वालाग्राही असल्याने तापवून काढू नये आणि त्याच्याजवळ विडी वा शेगडी असू नये. हलगी व डफ शेकण्यासाठी जिथे जाळ केला जातो, तिथे ही दक्षता विशेष महत्त्वाची ठरते.

सर्वांत गंभीर धोका कच्च्या कातड्याचा आहे. काळपुळी (फाशी) या रोगाच्या जंतूंची बीजुके कातड्यावर व केसांत दीर्घकाळ जिवंत राहतात. आयात केलेल्या कातड्यांवर काम करणाऱ्या न्यूयॉर्कमधील एका वाद्यकाराला २००६ मध्ये या रोगाची श्वसनमार्गे बाधा झाली, तो वाचला. २००८ मध्ये लंडनमधील एक वाद्यकार मात्र याच रोगाने दगावला. आकस्मिक मेलेल्या जनावराचे कातडे वापरू नये, हा यातून निघणारा नियम होय. खात्रीच्या ठिकाणचे कमावलेले कातडे घ्यावे, कोरडे केस खरवडून उडवू नयेत, हातावरील जखम झाकावी आणि काळा खपला धरणारा, न दुखणारा फोड आल्यास वैद्याला आपल्या कामाची माहिती द्यावी. केस काढण्यासाठी चुना वापरताना डोळे सांभाळावेत.

वाद्याची सुरक्षितता : जुन्या वाद्याच्या बाबतीत कारागिराइतकेच वाद्यालाही जपावे लागते. तबला व मृदंग यांवरील शाईमुळे कातड्याचे उपस्वर मूळ स्वराशी सुसंवादी होतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये व पुढे १९३४ च्या सुमारास प्रयोगांनी दाखविले. अनेक पातळ थर घोटून तयार झालेली ही शाई रापीने खरवडल्यास तो गुण नाहीसा होतो आणि लोहयुक्त धूळ कारागिराच्या श्वासात जाते. म्हणून वाद्य उघडण्यापूर्वी त्याची मापे व छायाचित्रे घ्यावीत, काढलेली वादी, कडे व खिळे जपून ठेवावेत आणि जेवढे बिघडले तेवढेच बदलावे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचा मोठा संग्रह आहे. गावोगावच्या देवळांतील व घरांतील वाद्यांना मात्र असे छत्र नाही. त्यांचे आयुष्य स्थानिक कारागिराच्या हातावरच अवलंबून असते.

कारागिराची स्थिती : १९४८ चा कारखाना अधिनियम मूळ स्वरूपात यंत्रशक्ती वापरणाऱ्या १० किंवा अधिक आणि ती न वापरणाऱ्या २० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना लागू होता. त्यामुळे एकट्यादुकट्या वाद्यकाराचे दुकान त्याच्या कक्षेबाहेर राहिले. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत हत्यारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. तिच्या १८ व्यवसायांत सुतार, लोहार व चर्मकार हे तिन्ही होते, परंतु वाद्यकाराचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. तिन्ही व्यवसायांची हत्यारे वापरणारा हा कारागीर अशा रीतीने तिन्ही वर्गवारींच्या मध्ये राहिला. अंगठा किंवा तर्जनी गमावलेल्या वाद्यकाराला वादीचा ताण बोटांनी अजमावता येत नाही. त्याच्या इजेबरोबर त्याचे ज्ञानही निकामी होते. यास्तव हत्यार सुरक्षितपणे धरण्याची रीत लिहून ठेवणे व ती जातीची अट न ठेवता कोणालाही शिकविणे, हा या कारागिरीच्या जतनाचाच भाग मानला पाहिजे.